दूरचित्रवाणी मालिका आणि प्रेक्षकांची तक्रार : 'कुबूल है'च्या निमित्ताने

दूरचित्रवाणी हे आजही घराघरांत पोहोचलेले सर्वांत प्रभावी माध्यम होय. मोबाईल आला तरी रात्री आठ ते दहा या वेळेत घरातील वडीलधारी मंडळी, विशेषतः स्त्रिया, मालिकांसमोर बसतात ही वस्तुस्थिती आहे. मात्र मालिका पाहणारा प्रत्येक जण मालिकांविषयी तक्रारही करतो. मालिका संपत नाही, मेलेला माणूस परत येतो, एकाच भूमिकेत मध्येच दुसरा नट दिसू लागतो, जाहिराती फार असतात, ही ती नेहमीची गाऱ्हाणी. समीक्षक त्यांकडे सहसा लक्ष देत नाहीत. लोकप्रिय करमणुकीचा दर्जा तो काय असणार, असे म्हणून विषय सोडून दिला जातो. प्रस्तुत लेखात या गाऱ्हाण्यांकडे गांभीर्याने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. त्यासाठी 'कुबूल है' ही हिंदी मालिका निवडली आहे, कारण तिची कथा भोपाळमध्ये घडते आणि भोपाळ हे माझे माहेर.

ही मालिका झी टीव्हीवर 29 ऑक्टोबर 2012 रोजी सुरू झाली आणि जानेवारी 2016 मध्ये संपली. तिचे आठशेहून अधिक भाग झाले. न्यूयॉर्कमध्ये वाढलेली झोया वडिलांच्या शोधात भोपाळला येते आणि असद अहमद खान या कडक शिस्तीच्या तरुणाच्या घरी राहते, अशी कथेची सुरुवात. असदच्या वडिलांनी दुसरे लग्न केलेले. आई दिलशाद मुलांना घेऊन वेगळी राहते. बापाविषयीचा राग हे असदच्या कठोरपणाचे मूळ. सुरभी ज्योती हिने झोयाची आणि करणसिंह ग्रोव्हर याने असदची भूमिका केली.

या मालिकेचे मुस्लिम घरांत स्वागत का झाले, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. दूरदर्शनच्या काळात 'गुल गुलशन गुलफाम' या 1987 च्या मालिकेत काश्मीरमधील हाउसबोटवाले कुटुंब होते. 1988 साली गुलजार यांनी 'मिर्झा गालिब' केली. पुढे 1998 पासून सोनी वाहिनीवर 'हीना' काही वर्षे चालली. मात्र 2000 नंतर 'क्योंकि सास भी कभी बहू थी'सारख्या मालिकांची लाट आली आणि संध्याकाळच्या पडद्यावर एकाच प्रकारचे मोठे, श्रीमंत, पूजाअर्चा करणारे कुटुंब दिसू लागले. मुसलमान पात्र आलेच तर शेजारी म्हणून, नाहीतर ईदच्या भागापुरते. अशा स्थितीत ज्यांच्या घरात भांडण आहे, प्रेम आहे, बापाशी अबोला आहे, आणि जे योगायोगाने मुसलमानही आहेत, असे कुटुंब रोज रात्री दिसणे ही साधी गोष्ट नव्हती. पहिल्या काही महिन्यांत मालिकेने ही अपेक्षा बऱ्याच अंशी पुरी केली, हे मान्य केले पाहिजे. दुसऱ्या लग्नाचा प्रश्न तिने व्याख्यान न देता आईच्या स्वाभिमानातून मांडला.

माझी खाला त्या वेळी तात्या टोपे नगरमधील सरकारी क्वार्टरमध्ये राहत असे. शेजारी एक मराठी कुटुंब. 1956 साली नवा मध्य प्रदेश होऊन राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, तेव्हा कचेऱ्यांबरोबर अनेक मराठी कर्मचारी तिकडे गेले. काकूंचे सासरे त्यांपैकी एक. काकू खालाला आपा म्हणत आणि रात्रीची कामे आटोपून मालिका पाहायला तिच्याकडे येत. साडेदहाला त्यांची मराठी मालिका लागे, ती मोबदल्यात खालाला पाहावी लागे. मी सुट्टीत गेले की या दोघींच्या मधोमध माझी जागा ठरलेली असे. दोघींची समीक्षा मी ऐकली आहे आणि ती आमच्या चर्चासत्रांपेक्षा कमी नव्हती, असे प्रामाणिकपणे म्हणावेसे वाटते.

खालाची पहिली तक्रार भाषेची होती. पात्रे सतत 'आदाब' म्हणत. आमच्या मोहल्ल्यात लहान मूल मोठ्यांना सलाम करते. 'आदाब' आहे, पण तो समारंभातला किंवा दुसऱ्या समाजाच्या पाहुण्यापुढचा. 'बेइंतिहा', 'शिद्दत', 'नाचीज' असे शब्द संवादांत अत्तरासारखे शिंपडलेले असत. तेच शब्द उच्चारताना घशातला 'ख' आणि साधा 'ख', 'ज'चे दोन्ही उच्चार यांची सरमिसळ होई. उर्दू शिकवणाऱ्या व्यक्तीला हे खटकते हे खरे, पण खालाचा मुद्दा व्याकरणाचा नव्हता. तिचे म्हणणे असे की, हे लोक भोपाळचे वाटत नाहीत. भोपाळची बोली वेगळी आहे. तिथे माणूस 'जा रहा हूँ' न म्हणता 'जा रिया हूँ' म्हणतो, मित्राला 'को खाँ' अशी हाक मारतो. त्या बोलीत थट्टा आहे, तिरकसपणा आहे, शिवीही आहे. हिंदी चित्रपटाला ही बोली माहीत आहे ती 1975 च्या 'शोले'तील जगदीप यांच्या सूरमा भोपालीमुळे, म्हणजे विनोदापुरती. गंभीर नायकाला ती बोलू द्यायची नाही, असा अलिखित नियमच दिसतो. परिणामी भोपाळचा असद लखनौच्या पुस्तकातून शिकलेली उर्दू बोलतो.

शहराचेही तेच. 1819 ते 1926 या काळात भोपाळवर एकामागून एक चार बेगमांनी राज्य केले. त्यांतील शेवटच्या सुलतान जहाँ बेगम 1920 साली स्थापन झालेल्या अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या पहिल्या कुलपती होत्या. नवऱ्याने टाकल्यावर मान ताठ ठेवून जगणाऱ्या दिलशादची कथा सांगायला याहून समृद्ध पार्श्वभूमी कोणती? परंतु मालिकेतील भोपाळ हे पाटीवरचे नाव राहिले. त्याच्या जागी हैदराबाद लिहिले असते तरी एकही प्रसंग बदलावा लागला नसता.

तरीही भाषा आणि शहर यांवरून कोणी मालिका पाहणे सोडले नाही. खरा असंतोष सुरू झाला तो कथेच्या मोडतोडीमुळे. 2013 च्या अखेरीस करणसिंह ग्रोव्हर मालिकेतून बाहेर पडला आणि असदच्या जागी राकेश बापट आला. पुढच्याच वर्षी असद आणि झोया या दोघांनाही तन्वीर या खलनायिकेकरवी मारण्यात आले. कथा अनेक वर्षे पुढे गेली आणि त्यांच्या जुळ्या मुली, सनम व सहर, तरुण झाल्या. त्या दोन्ही भूमिका सुरभी ज्योतीनेच केल्या. नंतर पुन्हा उडी, पुन्हा नवी नायिका, चेहरा तोच. काकूंनी एकदा विचारले, "आपा, यातली आई कोण आणि लेक कोण, तेवढं सांगा. बाकी मी समजून घेते." खालाला सांगता आले नाही.

येथे कोणी म्हणेल की, ही तक्रार लांबीची आहे. मला ते पटत नाही. लांबीचा कंटाळा उर्दू वाचकाला तरी शोभत नाही. 'तिलिस्म-ए-होशरुबा' ही दास्तान लखनौच्या नवल किशोर छापखान्याने 1883 पासून खंडाखंडाने छापली. प्रत्येक खंड शेकडो पानांचा, आणि लोकांनी ती आवडीने वाचली. दास्तानगो एकच प्रसंग अनेक रात्री लांबवीत आणि श्रोते त्यालाच कौशल्य मानीत. मराठीतही हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षांत कोण घेतो!' ही कादंबरी 1890 पासून 'करमणूक'मधून हप्त्याहप्त्याने आली. यमूचे पुढे काय होते याची वाट वाचक आठवडा-आठवडा पाहत होते. म्हणजे वाट पाहण्यात दुःख नाही.

फरक असा की, दास्तानीतील तिलिस्म कितीही अचाट असले तरी त्याला नियम असतो. प्रत्येक तिलिस्म मोडण्यासाठी एक लौह, म्हणजे पाटी असते आणि ते कोणाच्या हातून मोडणार हे आधीच ठरलेले असते. योगायोग पाहा, होशरुबाचे तिलिस्म मोडणाऱ्या अमीर हमजाच्या नातवाचे नावही असदच आहे. तो दीर्घकाळ कैदेत पडतो, कथा भलतीकडे भटकते, जादूगार येतात-जातात, पण श्रोत्याला ठाऊक असते की असद सुटणार आहे आणि काम त्याच्याच हातून व्हायचे आहे. भटकंतीलाही त्यामुळे अर्थ येतो. भोपाळच्या असदला कथेने असे कोणतेच वचन दिले नव्हते. तो अर्ध्या वाटेत मरतो आणि त्याच्या बापाशी असलेल्या अबोल्याचा, म्हणजे ज्या प्रश्नावर मालिका उभी होती त्याचा, पुढील पिढीच्या कथेत मागमूस उरत नाही. यमूच्या बाबतीत असे होत नाही. तिच्या सासरचा प्रत्येक अपमान पुढच्या प्रकरणात तिच्याबरोबर येतो. मालिकेत काल घडलेले उद्या मोजलेच जात नाही. प्रेक्षक चिडतो तो यामुळे. त्याने तीन वर्षे जे लक्षात ठेवले, ते मालिकेनेच लक्षात ठेवलेले नसते.

मराठी मालिकांची स्थिती निराळी नाही. 'चार दिवस सासूचे' 2001 ते 2013 या काळात तीन हजारांहून अधिक भाग चालली. 'होणार सून मी ह्या घरची' या मालिकेतील जान्हवीचे बाळंतपण 2015 मध्ये इतके लांबले की त्यावरचे विनोद महाराष्ट्राबाहेरही पोहोचले. काकू म्हणत, "एवढ्यात माझ्या सुनेचं दुसरं झालं." विनोद वगळला तर तक्रार तीच आहे. नऊ महिने हा जगातला सर्वांना ठाऊक असलेला नियम आहे, निदान तो तरी पाळा.

मग मालिकाकार असे का करतात? त्यांना लिहिता येत नाही म्हणून नव्हे. दैनिक मालिकेचा शेवट आधी ठरवताच येत नाही, कारण ती किती दिवस चालायची हे आठवड्याच्या टीआरपीवर ठरते. आकडा चांगला असेल तर संपलेली कथा पुढे ओढायची, पडला तर धक्का द्यायचा. अपघात, स्मृतिभ्रंश, पुनर्जन्म ही त्या धक्क्याची नेहमीची साधने. 'क्योंकि'मधील मिहिरला मारून परत आणले गेले, त्यालाही आता दोन तपे होऊन गेली. 2015 पासून हे मोजमाप बार्क ही संस्था करते. निवडक घरांत मीटर असते, दूरचित्रवाणी संच कोणत्या वाहिनीवर आहे हे ते ओळखते आणि घरातील प्रत्येकाने पाहायला बसताना आपले बटण दाबायचे असते. येथेच एक मोठी उणीव आहे. कपाळाला हात लावून पाहणारी बाई आणि रमून पाहणारी बाई या मीटरला सारख्याच. खाला-काकूंनी शेवटचे वर्षभर जी नाराजी व्यक्त केली ती, त्यांच्या घरी मीटर असते तरी, पसंती म्हणूनच नोंदली गेली असती. प्रेक्षकांनाच हे आवडते, असे निर्माते म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. त्यांच्यापर्यंत तक्रार पोहोचण्याची सोयच नाही. संच बंद करा, हा सल्ला सोपा आहे, पण ज्या बाईला दिवसातील तेवढीच वेळ शेजारणीबरोबर बसायला मिळते तिला तो देताना विचार करावा.

याउलट अनुभव आला तो जून 2014 मध्ये 'जिंदगी' वाहिनी सुरू झाली तेव्हा. तिच्यावर पाकिस्तानी मालिका दाखवीत. 'जिंदगी गुलजार है' सव्वीस भागांत संपली, 'हमसफर' तेवीस भागांत. मालिका संपते, हीच भोपाळच्या घरांत बातमी होती. त्यांतील घरे लहान होती, माणसे स्वयंपाकघरात बोलतात तशी बोलत होती आणि कोणी उर्दूचे प्रदर्शन मांडत नव्हते. त्या मालिका थोर होत्या असे मी म्हणणार नाही. 'हमसफर'मधील नायिकेचा सोशिकपणा मला तेव्हाही मानवला नाही. परंतु लेखिकेला शेवटचे पान ठाऊक होते, हे प्रत्येक भागात जाणवे. 2016 च्या सप्टेंबरात उरीच्या हल्ल्यानंतर त्या मालिका वाहिनीवरून काढून टाकण्यात आल्या.

'कुबूल है'चे नाव 2021 साली पुन्हा ऐकू आले. झी 5 वर दहा भागांची नवी मालिका आली, तेच दोन कलावंत, तीच नावे. आता झोया पाकिस्तानी आहे, असद भारतीय, आणि कथा सर्बियातील बेलग्रेडपर्यंत जाते. भाग दहाच असल्याने लांबीची तक्रार उरली नाही. मात्र 2012 मध्ये जे विशेष होते तेच यातून गेले. भोपाळमधील एका घरातील बाप-लेकाचे भांडण सांगायला दोन देशांची गरज नव्हती. ते घर गेले आणि मुसलमान पात्रे पुन्हा सरहद्द, बंदुका आणि गुप्तहेर यांच्या कथेत आली.

गेल्या हिवाळ्यात मी खालाला विचारले, 'कुबूल है' शेवटी कशी संपली? ती बराच वेळ आठवत राहिली. मग तिने 'जिंदगी गुलजार है'चा शेवटचा प्रसंग मला पूर्ण सांगितला, कशफने काय म्हटले आणि जारून कसा उभा होता इथपर्यंत. काकू आता मुलाकडे पुण्याला राहतात. त्यांना फोन लावून विचारले. त्यांनाही झोयाचा शेवट आठवत नव्हता, पण तिचे वडील सापडले का, हे त्यांनी उलट मलाच विचारले.