निबंध वाचायचा की विद्यार्थी?

लेखन कसं शिकवतात यावर संशोधन करायचं असेल, तर रिचर्ड मिलर यांचा ‘फॉल्ट लाइन्स इन द कॉन्टॅक्ट झोन’ (१९९४) हा लेख आधी वाचा. अमेरिकेतल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्याने निबंध लिहिला: सॅन फ्रान्सिस्कोत मित्रांबरोबर फिरताना एका बेघर माणसाला मारहाण केल्याचा. समलिंगी लोकांबद्दलचा द्वेषही त्यात उघड. घडलेलं की रचलेलं, कळायला मार्ग नाही. शिक्षकाने तो काल्पनिक मानला, रचनेवर शेरे मारले, साधारण ‘बी’ दिला. पुढे शिक्षकांच्या चर्चेत कुणी म्हणालं पोलिसांना कळवा, समुपदेशकाकडे पाठवा. कुणी म्हणालं व्याकरण तपासा नि सोडा.

मिलर यांना यातलं काहीच पटत नाही. असं लिखाण वर्गातच वाचायला, त्याला उत्तर द्यायला शिकलं पाहिजे, असं ते म्हणतात. मला हे पटतं, पण अर्धंच. त्यांची सगळी नजर कागदावर आहे. शिक्षकाने चिंता कळवली तर ती पुढे कुठे जाते, हा प्रश्न लेखात जवळपास नाहीच.

आता व्हर्जिनिया टेक बघा. २००५ मध्ये कवयित्री निक्की जोव्हानी यांनी एका विद्यार्थ्याला आपल्या वर्गातून काढायला लावलं. विभागप्रमुख लुसिंडा रॉय यांनी त्याला एकट्याला शिकवलं, पोलीस आणि समुपदेशन केंद्रालाही कळवलं. १६ एप्रिल २००७ ला त्याने ३२ जणांना मारलं. नंतर सगळे त्याची नाटकं काढून वाचायला बसले, ‘लिखाणातच दिसत होतं की!’ म्हणत. पण शिक्षकांना फक्त लिखाण दिसलं नव्हतं. तो वर्गात बाकाखालून मुलींचे फोटो काढायचा. आणि चौकशी समितीच्या अहवालानुसार माहिती निरनिराळ्या कार्यालयांत होती, ती एकत्र कुणी केलीच नाही. गोपनीयतेच्या कायद्याचा चुकीचा अर्थ लावल्यामुळेही लोक गप्प राहिले.

इथेच नवा संशोधक फसतो. शेवट माहीत असलेली केस निवडली की प्रत्येक ओळ इशारा वाटते. तितकंच भीषण लिहून पुढे मजेत नोकरी करणारी मुलं आपल्या नमुन्यात येतच नाहीत. तुमच्या प्रस्तावात ती कशी आणणार? माझ्या गाइडने मला हेच विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. आता मी शिक्षकांनी तपासून परत दिलेले जुने निबंध, शेऱ्यांसकट, गोळा करते आहे.