बशीतले वर्तुळ आणि वाडीतला पाऊस

शालेय विज्ञान प्रदर्शनांत एक प्रयोग हटकून दिसतो. पेट्री बशीत बुरशी वाढवलेली असते. मधोमध लवंगतेलात भिजवलेली कागदाची टिकली आणि तिच्याभोवती बुरशी नसलेले स्वच्छ वर्तुळ. शेजारी फलक : 'रासायनिक बुरशीनाशकांना नैसर्गिक पर्याय'. वर्तुळ खरे आहे. आक्षेप आहे तो फलकावर.

हा निष्कर्ष थळच्या वाडीत नेऊन पाहू. अलिबागजवळचे हे गाव खतकारखान्यामुळे सर्वांना ठाऊक आहे, पण या किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या वाड्याही आहेत. पावसाळ्यात पोफळीचा मोठा शत्रू म्हणजे कोळेरोग. त्यात कोवळ्या सुपाऱ्या सडून गळतात. रूढ उपाय बोर्डो मिश्रणाचा : १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना आणि १०० लिटर पाणी. पावसाआधी एक फवारणी, साधारण दीड महिन्याने दुसरी. १८८५ मध्ये फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी द्राक्षवेलींसाठी पुढे आणलेले हे मिश्रण अजून टिकले आहे, कारण ते घडाला चिकटून बसते आणि पावसातही थोडेथोडे तांबे सोडत राहते.

लवंगतेलाचे काय होईल? ते उडून जाणारे, पाण्यात न मिसळणारे. आणि इथला पाऊस वर्षाला २००० मिलिमीटरहून अधिक. प्रमाण वाढवावे, तर पानेच करपतात. लवंगतेल तणनाशक म्हणूनही वापरतात, ते याच गुणामुळे. शिवाय बशीत बहुधा पावावरची बुरशी असते. कोळेरोग घडवणारी फायटॉप्थोरा खरी बुरशी नव्हेच. तिच्या पेशीभित्तिकेत कायटिनऐवजी मुख्यतः सेल्युलोजसारखी द्रव्ये असतात. एकीवरचा निकाल दुसरीला लावता येत नाही.

फलकावरचे शब्दही तपासावेत. ओव्यातले थायमॉल आणि लवंगेतले युजेनॉल ही रसायनेच आहेत. उलट मोरचूद खनिजरूपात निसर्गातही सापडते. 'नैसर्गिक' म्हणजे निर्धोक, असे समीकरण विज्ञानात नाही.

तरीही पर्यायाचा शोध व्यर्थ नाही. तांबे वर्षानुवर्षे मातीत साठत जाते. युरोपीय संघाने २०१३ मध्ये युजेनॉल, थायमॉल आणि जिरॅनिऑल यांना पीकसंरक्षणासाठी मान्यता दिली. द्राक्षांवरच्या बुरशीसाठी त्यांचे मिश्रण यीस्टच्या पोकळ पेशीभित्तिकांत भरून वापरतात, म्हणजे ते हळूहळू बाहेर पडते. बशीतल्या प्रयोगात न दिसणारी अडचण सोडवणे, हेच तिथले खरे काम होते.

म्हणून शिक्षकांनी प्रयोग रद्द करू नये, वाढवावा. पावाचे ओलसर तुकडे घ्यावेत : एक तेलाच्या बोळ्यासह बंद बरणीत, दुसरा तसाच बोळा ठेवून उघड्यावर, तिसरा बिनतेलाचा बंद बरणीत आणि चौथा बिनतेलाचा उघड्यावर. बुरशी आलेल्या बरण्या उघडू नयेत. तेल बंद जागेत अधिक परिणाम करते की उघड्यावर, हे मुलांनी स्वतः नोंदवावे. मग फलक त्यांनाच लिहू द्यावा. तो थोडा लांबेल, पण वाडीवाल्याची दिशाभूल करणार नाही.