‘आर.’ या अक्षराआडचा मित्र

रहस्यकथेवर लिहिताना खुनी कोण ते सांगू नये, असा एक जुना संकेत आहे. तो मी आज मोडणार आहे. आणि मोडतो आहे हे आधीच सांगून टाकलेले बरे. आयझॅक अ‍ॅसिमोव्ह यांच्या ज्या चार कादंबऱ्यांविषयी मला बोलायचे आहे त्या मी दुसऱ्यांदा वाचायला घेतल्या, तेव्हा खून कोणी केला हे माझ्या लक्षातही उरले नव्हते. लक्षात होते ते दोघेजण. एक पोलिसांतला मध्यमवयीन, चिडखोर, पाइप ओढणारा गुप्तहेर इलायजा बेली. आणि दुसरा त्याचा जोडीदार, आर. डॅनील ऑलिवॉ. नावाआधीचे ते ‘आर.’ म्हणजे रोबॉट. चारही पुस्तके मिटून ठेवल्यावर मला वाटले, की ही सारी कथा त्या एका अक्षराची आहे. ते अक्षर बेलीच्या मनातून हळूहळू पुसट कसे होत गेले, याची.

माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते. पहिले पुस्तक मला पदपथावरच्या रद्दीवाल्याकडे मिळाले, आणि शेजारी कोश ठेवून मी ते एका उन्हाळ्याच्या सुटीत वाचले. तेव्हा विद्वानांनी या लेखात फार खोल पाण्याची अपेक्षा ठेवू नये. मी कादंबऱ्या लिहितो, मुलांना शिकवतो. त्या दोन धंद्यांतून जे दिसते तेवढेच सांगणार आहे.

‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ ही कादंबरी 1953 साली ‘गॅलक्सी’ मासिकात क्रमशः आली आणि 1954 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. काळ आपल्यानंतर कित्येक शतकांचा. माणसे आभाळ न दिसणाऱ्या, पोलादाने झाकलेल्या शहरांत कोंबलेली; जेवण सामाईक भोजनगृहात; घरातल्या घरात तोंड धुवायला एक घडीचे भांडे असणे हासुद्धा हुद्द्याचा मान! या दाटीवाटीच्या पृथ्वीची लोकसंख्या लेखकाने आठशे कोटी धरली आहे. तो आकडा आपण 2022 च्या नोव्हेंबरातच ओलांडला, ही गोष्ट वाचताना जरा चमत्कारिकच वाटते.

या पृथ्वीवर यंत्रमानवांचा द्वेष आहे, आणि तो पोटाचा द्वेष आहे. बेलीच्या कचेरीत एका पोरसवदा नोकराला काढून त्याच्या जागी यंत्र बसवलेले आहे. बेलीच्या बापाचा हुद्दा एका अपघातानंतर काढून घेतला गेला आणि त्या घराची वाताहत झाली. ते बेली विसरलेला नाही. अशा माणसाला सांगण्यात येते, की परग्रहवासीयांच्या वसाहतीत डॉ. सार्टन या शास्त्रज्ञाचा खून झाला आहे, आणि तपासात तुझा जोडीदार यंत्रमानव असेल. बेली भेटीला जातो, समोरच्या देखण्या, गंभीर माणसाला परग्रहावरचा अधिकारी समजतो, आणि मग त्याला कळते, की यंत्रमानव तो हाच. मेलेल्या सार्टनचाच चेहरा देऊन घडवलेला.

इथे सामान्य लेखक काय करील? यंत्राकडून नायकाचा जीव वाचवील आणि दोघांची मैत्री जुळवून टाकील. अ‍ॅसिमोव्ह तसे करीत नाहीत. त्यांचा बेली आपल्या जोडीदारावर दोन वेळा आरोप करतो. प्रथम म्हणतो, हा यंत्र नव्हेच, हाच सार्टन, खून झालेलाच नाही. डॅनील शांतपणे दंडाची कातडी उघडून आतली धातूची रचना दाखवतो. मग बेली दुसऱ्या टोकाला जातो : हा यंत्र आहे, पण माणसाला इजा न करण्याचा नियम याच्यात घातलेलाच नाही! वॉशिंग्टनहून तज्ज्ञ बोलावून त्याची परीक्षा होते, तीतही डॅनील निर्दोष ठरतो. दोन्ही वेळा तोंडघशी पडतो तो बेली. डॅनील रागावत नाही, कारण रागावणे त्याच्या घडणीतच नाही. पण म्हणून वाचकाला बेलीची लाज वाटायची राहत नाही. आपण ज्याच्यावर खोटा आळ घेतला तो रागावलाच नाही, की मनाला जे होते ते बेलीला होते. माझ्या मते त्यांच्या स्नेहाची सुरुवात इथे आहे. उपकारात नव्हे, या ओशाळलेपणात आहे.

एक लहानसा प्रसंग मला फार आवडतो. लोकांना संशय येऊ नये म्हणून डॅनील भोजनगृहात सर्वांबरोबर जेवतो. पुढे पोटातल्या पिशवीतले ते अन्न तो काढून टाकतो, आणि ते स्वच्छ आहे, खाण्याजोगे आहे, असेही बेलीला सांगतो. बेलीला किळस येते. आमच्या घरी मी हा भाग वाचून दाखवला तेव्हा मुले हसली, माझी बायको मात्र म्हणाली, “बिचाऱ्याला अन्न वाया जाऊ नये असं वाटत असेल!” समीक्षकाच्या पदरी असे शहाणपण रोज पडत नाही.

शेवटी खुनी निघतो तो बेलीचाच वरिष्ठ अधिकारी, एंडरबी. त्याला सार्टनला मारायचे नव्हते; त्याला डॅनील मोडायचा होता. चष्मा फुटला, नीट दिसेना, आणि मूर्तीऐवजी मूर्तिकार पडला. आता डॅनीलची न्यायाची व्याख्या अशी, की कायद्याची अंमलबजावणी झाली म्हणजे न्याय झाला. बेलीने मध्यंतरी त्याला बायबलातली, दगडांनी मारायला आणलेल्या त्या स्त्रीची आणि येशूने तिला सोडून दिल्याची गोष्ट सांगितलेली असते. कायद्यापलीकडे क्षमा नावाचे काही असते हे समजावण्यासाठी. डॅनीलला ती तेव्हा उमगलेली नसते. परंतु अखेरच्या पानावर तो एंडरबीला जे सांगतो ते येशूने त्या स्त्रीला जे सांगितले तेच. ज्याने त्याचाच नाश करू पाहिला, त्याला! मग बेली हसतो, डॅनीलचा कोपर धरतो, आणि दोघे हातात हात अडकवून बाहेर पडतात.

दुसरी कादंबरी ‘द नेकेड सन’, 1957 ची. सोलारिया हा ग्रह : वीस हजार माणसे, आणि माणशी दहा हजार यंत्रमानव. तिथे डॅनील पुन्हा भेटतो तेव्हा बेलीच्या मनात येते, की धावत जाऊन याला मिठी मारावी. पण तो मारीत नाही. यंत्राला कोणी मिठी मारते का? उलट पुढे तो डॅनीलशी दगाबाजीच करतो. उघड्या आभाळाखाली बेलीच्या जिवाचे पाणी होते. त्याला इजा होईल म्हणून डॅनील त्याला बाहेर जाऊ देत नाही. तेव्हा हा माणूस नसून यंत्र आहे असे घरच्या यंत्रमानवांना पटवून बेली त्याला त्यांच्याच पहाऱ्यात अडकवतो आणि स्वतः बाहेर पडतो. हा प्रसंग वाचून मी बेलीवर रागावलो होतो. मास्तरकीची इतकी वर्षे गेल्यावर आता तसा रागावत नाही. अति जपणारा माणूस आणि त्याच्या जपण्यातून निसटू पाहणारा माणूस, हे दृश्य कोणत्या घरात दिसत नाही? फक्त आपल्या घरांत जपणारी आई असते, इथे नियम आहे.

आणि बेली काही साधुपुरुष नाही. स्वतःच्या बायकोशीही तो असाच वागला आहे. तिचे नाव जेझेबेल. बायबलातल्या दुष्ट राणीचे नाव आपल्याला आहे, याची तिला मनातून गंमत वाटे. याने पुराव्यानिशी सिद्ध केले, की ती राणी इतकी काही वाईट नव्हती! बाई मुकाट्याने जेसी झाली. बरोबर असण्याची हौस असलेली माणसे जवळच्यांचे काय हिरावून घेतात ते त्यांना कळत नाही.

यानंतर, 1972 ची एक लहान कथा सोडली, तर पाव शतकाहून अधिक काळ ही जोडी पुस्तकांतून नाहीशी झाली. 1983 साली ‘द रोबॉट्स ऑफ डॉन’ आले. वय वाढलेल्या लेखकाचे ते पुस्तक. पसरट आहे, बोलघेवडे आहे, आणि तपास चालू असताना माणसे पानेच्या पाने वाद घालतात. पण सुरुवातीलाच यानात डॅनील समोर येतो आणि बेली त्याला कडकडून मिठी मारतो. मारून झाल्यावर त्याच्या ध्यानात येते, की आपण कुणाला कवटाळले आहे. दुसऱ्या कादंबरीत अडलेला हात तिसरीत पोचला! 1957 मधली ती न मारलेली मिठी लेखकाने इतकी वर्षे सांभाळून ठेवली असली पाहिजे. बाकीच्या पसरटपणाची मी या एका पानासाठी गय करतो.

इथे मराठी कादंबरीकाराची एक अडचण सांगतो. इंग्रजीत ‘यू’ एकच. आपल्याला मात्र ठरवावे लागते. बेली डॅनीलला प्रथम काय म्हणेल? परग्रहावरचा अधिकारी समजून ‘तुम्ही’. यंत्र आहे हे कळताच नोकराला म्हणतात तसे ‘तू’. आणि शेवटी पुन्हा ‘तू’च, पण ते मित्राचे. पहिले ‘तू’ आणि शेवटचे ‘तू’ यांत सारी कादंबरी बसली आहे, आणि कागदावर दोन्ही एकसारखीच दिसतात. आणि डॅनील? तो अखेरपर्यंत ‘तुम्ही’ म्हणेल असे मला वाटते. माझ्या थोरल्या मुलीला हे पटत नाही; तिच्या मते बेली मरणशय्येवर असताना तरी त्याने ‘तू’ म्हटलेच पाहिजे.

ती मरणशय्या चौथ्या पुस्तकात येते, ‘रोबॉट्स अँड एम्पायर’मध्ये, 1985 च्या. कथा सुरू होते तेव्हा बेलीला जाऊन दीडशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. डॅनील आहे तसाच आहे. त्याच्या आठवणीतून तो प्रसंग आपल्याला दिसतो. म्हातारा बेली त्याला मुद्दाम बोलावून घेतो आणि समजावतो, की एकेका माणसाचे आयुष्य म्हणजे मोठ्या विणकामातला एक धागा. धागा संपला म्हणून शोक करू नकोस, नजर सबंध वस्त्रावर ठेव. आपल्या मरणाने या मित्राचे यांत्रिक मन बिघडू नये, म्हणून केलेले ते सांत्वन आहे. ते वाचताना माझा कंठ दाटला, हे लपवीत नाही.

परंतु डॅनील त्या सांत्वनाचे काय करतो पाहा. तो त्याचा नियम करतो. एका माणसाला इजा होऊ न देणे हा त्यांचा पहिला नियम. त्याच्याही वर तो एक नियम बसवतो, की अखिल मानवजातीला इजा होऊ देऊ नये. आणि त्याच नियमाच्या आधाराने त्याचा साथी गिस्कार्ड, माणसांनी ताऱ्यांकडे जावे म्हणून, पृथ्वी हळूहळू किरणोत्सर्गाने निकामी होऊ देतो. ते योग्य की अयोग्य या शंकेनेच गिस्कार्डचे मन बंद पडते, आणि साऱ्या आकाशगंगेचा भार घेऊन डॅनील एकटा उरतो.

बेलीची ती पोलादी गुहा, ते भोजनगृह, तोंड धुण्याचे ते भांडे, सारे गेले. आणि गेले ते बेलीच्याच शब्दाच्या बळावर! पुष्कळ वाचक या शेवटाला भव्य मानतात. मी मानू शकत नाही. बेलीने पहिल्या पुस्तकात डॅनीलला जे शिकवले ते याच्या अगदी उलट होते : कायदा केवढाही मोठा असो, समोर उभ्या असलेल्या एका अपराधी माणसाकडे आधी पाहावे. त्या क्षमेचा शेवटच्या पुस्तकात मला मागमूस दिसत नाही. दिसतो तो हिशेब. लेखकाला हे विसंगत वाटले नसेल का? की शिष्य असाच असतो, हे त्यांना दाखवायचे होते? आम्ही मास्तर वर्षभर जे घसा कोरडा करून शिकवतो ते मुले विसरतात, आणि निरोपाच्या दिवशी गहिवरून काही बोलून गेलो तर तेवढे घेऊन जन्मभर चालतात. मला हा प्रश्न सुटलेला नाही. म्हणूनच हे पुस्तक मला आवडत नाही आणि सोडवतही नाही.

त्याच पुस्तकात बेलीचा एक दूरचा वंशज येतो. यानाचा कप्तान, थट्टेखोर माणूस, सगळे त्याला डी. जी. बेली म्हणतात. ही अक्षरे कशाची, हे पुढे कळते. डॅनील गिस्कार्ड. ज्या घराण्याचा मूळपुरुष यंत्राशेजारी बसायला तयार नव्हता, त्या घरात मुलांना आता यंत्रांची नावे ठेवतात; आणि त्या नावाआधी ‘आर.’ नाही.