मधली खुर्ची

नाटकाचे किंवा कादंबरीचे परीक्षण करावे, तसे मोटारगाडीचेही करता येते, असे माझे मत आहे. यावर घरातली मंडळी हसतात. हसोत बिचारी! सतारीला कधी हात न लावलेला रसिक सतारीविषयी बोलतोच की. मग न चालविलेल्या दोन गाड्यांविषयी मीच का गप्प बसावे?

दोन्ही गाड्या एकाच घराण्यातल्या, इंग्लंडातील वोकिंग येथील मॅक्लारेन कंपनीच्या. थोरली ‘एफ-१’ १९९२ साली जगापुढे आली. धाकटी ‘पी-१’ २०१३ सालची.

थोरलीचा जनक गॉर्डन मरे. गाडीत अनावश्यक असे काही ठेवायचे नाही, हा त्याचा बाणा. इंजिन बारा सिलिंडरांचे, ६२७ अश्वशक्तीचे. पण ब्रेक दाबताना वा चक्र फिरविताना चालकाला यंत्राची मदत म्हणून नाही. इतका काटकसरी माणूस, पण इंजिनाची धग परतविण्यासाठी त्याच्या कप्प्याला आतून चक्क सोन्याचा वर्ख लावतो! कामाचे असेल तर सोनेही वापरावे, बिनकामाचे असेल तर खिळाही नको. १९९८ साली या गाडीने ताशी ३८६ किलोमीटरचा वेग गाठला.

धाकटी ९१६ अश्वशक्तीची. आठ सिलिंडरांच्या इंजिनाला विजेच्या मोटारीची जोड आहे. चाक घसरू लागले तर गणकयंत्र सावरून घेते. शर्यतीच्या मैदानावर मागचा पंख आपोआप वर सरकतो. जागेवरून निघून ताशी ३०० किलोमीटरचा वेग घ्यायला तिला १६.५ सेकंद पुरतात. थोरलीपेक्षा साडेपाच सेकंद कमी. शिवाय मनात आणले तर दहाएक किलोमीटर ती नुसत्या विजेवर, शेजाऱ्यांची झोप न मोडता जाते. थोरलीच्या भक्तांनी हे गुण मोकळ्या मनाने मान्य करावेत. नवशिक्या हाताला थोरली क्षमा करीत नाही, हेही खरेच.

तरीही माझा कौल थोरलीला आहे, आणि तो तिच्या बैठकीमुळे. तिच्यात चालक मधोमध बसतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना, किंचित मागे, दोन सोबती. एवढी वेगवान गाडी रचतानाही त्या माणसाला वाटले की, बरोबर आणखी दोघे असावेत. त्यांच्या सामानालाही त्याने जागा ठेवली. धाकटीत जागा दोघांचीच. वेग वाढला, पण एक माणूस घरी राहिला! इतर परीक्षक सेकंद मोजतात, त्यांना मोजू द्या. कलाकृतीत कोणाकोणाला जागा दिली आहे, हे मी आधी पाहतो.

माझे म्हणणे पटत नसेल, तर खुद्द कंपनीचीच साक्ष काढतो. २०१८ साली तिने ‘स्पीडटेल’ ही ताशी ४०३ किलोमीटर वेगाची गाडी जाहीर केली. तिच्यात खुर्च्या पुन्हा तीन, चालक पुन्हा मधोमध. आणि गाड्यांची संख्याही थोरलीइतकीच, १०६. आजीची खुर्ची लेकीने माळ्यावर टाकली, तर ती खाली उतरवायला कधी कधी नातच यावी लागते.