डबेवाले, ‘सिक्स सिग्मा’ आणि आपला सिनॉप्सिस

नेतृत्वावरची व्याख्यानं ऐकणाऱ्यांना मुंबईचे डबेवाले नवीन नाहीत. सल्लागार मंडळींचं ते आवडतं उदाहरण. त्यासोबत एक ठरलेलं वाक्य येतं: ‘१ कोटी ६० लाख फेऱ्यांमागे एकच चूक, म्हणून फोर्ब्सने त्यांना सिक्स सिग्मा प्रमाणपत्र दिलं.’ हेच वाक्य मग आपल्या परभणीतल्या सेमिनारमध्ये आणि पुढे सिनॉप्सिसमध्येही येऊन बसतं.

आता हा आकडा आला कुठून ते बघू. फोर्ब्सचा लेख १९९८ चा. तो लिहिणारे सुब्रत चक्रवर्ती यांनी पुढे स्वतःच खुलासा केला की प्रमाणपत्र कधी दिलंच नव्हतं, आणि लेखात ‘सिक्स सिग्मा’ हा शब्दही नव्हता. त्यांनी संघटनेच्या अध्यक्षांना विचारलं, चूक किती वेळा होते? उत्तर मिळालं, जवळजवळ नाहीच, फार तर दोन महिन्यांतून एकदा. रोजचे सुमारे १,७५,००० डबे धरले तर दोन महिन्यांचे साधारण ८० लाख होतात. रिकामा डबा परत जातो, म्हणून दुप्पट. झाले १ कोटी ६० लाख!

म्हणजे गुणाकार बरोबर आहे, पण मोजमाप कुठेच नाही. ‘दोन महिन्यांतून एकदा’ हा एका माणसाचा अंदाज, आणि तोही ज्याच्या कामाबद्दल प्रश्न आहे त्याचाच. चूक कशाला म्हणायचं? डबा उशिरा पोचला तर ती धरायची का? अध्यक्षांपर्यंत न आलेल्या तक्रारींचं काय? यातलं काहीच ठरलेलं नव्हतं.

माझा खरा आक्षेप मात्र पुढे आहे. हा आकडा ऐकला की लोक टाळ्या वाजवतात आणि प्रश्न विचारायचे थांबतात. डब्याच्या झाकणावरची खूण, लोकलच्या वेळापत्रकाने लावलेली शिस्त, स्वतःचा कारभार स्वतः बघणारे गट, कुणी आलं नाही तर सांभाळायला ठेवलेले जादा गडी, हे सगळं शिकण्यासारखं आहे. स्टीफन थॉमके यांनी २०१० मध्ये हार्वर्ड बिझनेस स्कूलसाठी केलेला अभ्यास याच कामकाजाकडे नेतो. व्याख्यानात मात्र ‘निष्ठा असेल तर सगळं जमतं’ एवढंच उरतं. मग शेतकरी उत्पादक कंपनी तोट्यात गेली की दोष सभासदांच्या निष्ठेला. गोदाम, वाहतूक, खेळतं भांडवल याबद्दल कोणी विचारतच नाही.

म्हणून मित्रांनो, दूध संकलन केंद्रावर काम करा नाहीतर बाजार समितीवर, अध्यक्ष म्हणाले ‘तक्रार नाही’, तर ‘अध्यक्षांच्या मते’ असंच लिहा. मग चुकीची व्याख्या ठरवा, पंधरा दिवस स्वतः उभं राहून नोंदी घ्या. आकडा कदाचित साधा येईल, टाळ्या मिळणार नाहीत. पण व्हायवाला ‘हा कुठून आणला?’ असं विचारलं, तर वही पुढे करता येईल.