स्वामिनिष्ठा आणि उत्कर्ष : नारो शंकर राजेबहादूर यांच्या निमित्ताने

मराठेशाहीतील सरदारांच्या उत्कर्षाचे कारण म्हणून ‘स्वामिनिष्ठा’ हा एकच शब्द पुढे करण्याची प्रथा आपल्या चरित्रलेखनात रूढ आहे. ही मीमांसा कितपत समाधानकारक आहे, हे नारो शंकर राजेबहादूर यांच्या उदाहरणावरून तपासता येईल. एकलहऱ्यापासून गोदावरीच्या वरच्या अंगास, नाशिकच्या पंचवटीत, त्यांनी १७४७ मध्ये बांधविलेले रामेश्वराचे देवालय आहे. तेथील पोर्तुगीज घंटा वसईच्या १७३९ मधील विजयाची खूण मानली जाते. या घंटेमुळे त्यांची पराक्रमी सेवकाची प्रतिमा लोकमानसात दृढ झाली. परंतु हा सेवक नेमका कोणाचा, हा प्रश्न मात्र मागे पडला.

राज्य छत्रपतींचे होते. नेमणुका पेशव्यांच्या हाती होत्या. १७४२ पासून सुमारे पंधरा वर्षे नारो शंकरांनी झाशीचा कारभार पाहिला व तेथील किल्ला वाढविला. १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्लीचा बंदोबस्त त्यांच्यावर सोपविला. या कामी निष्ठेइतकीच वसूल, बांधकाम व शिबंदी यांची जाण आवश्यक होती. पुढे राघोबादादांनी छत्रपतींच्या दरबारातील प्रतिनिधिपद आपल्या अल्पवयीन पुत्रास देवविले आणि त्याची मुतालकी नारो शंकरांस दिली. १७६३ मध्ये माधवरावांनी ते पद मूळ प्रतिनिधींस परत केले. अशा प्रसंगी ‘स्वामी’ म्हणजे सातारा, पुणे, की पुण्यातील एक पक्ष? ‘एकनिष्ठ’ हे विशेषण येथे अपुरे पडते.

इंग्लंडातील विल्यम मार्शल (मृत्यू १२१९) याचीही कथा अशीच आहे. अनेक राजांची सेवा करून तो बालराजा तिसऱ्या हेन्रीचा पालक झाला; तथापि नॉर्मंडीतील जमिनींसाठी १२०५ मध्ये त्याने फ्रान्सच्या राजालाही स्वामी मानले होते. त्याच्या निष्ठेचे गुणगान करणारे पद्यचरित्र त्याच्या पुत्राने रचवून घेतले. आपल्याकडील घराण्यांच्या कैफियतीही बहुधा वतन-इनामांचा हक्क सिद्ध करण्यासाठी लिहिल्या गेल्या.

तेव्हा स्वामिनिष्ठा हे उत्कर्षाचे कारण म्हणून गृहीत न धरता तो एक दावा समजून वाचणे अधिक योग्य ठरेल. हा दावा कोणी, केव्हा आणि कोणापुढे मांडला, याचा शोध घेतल्यावाचून अभ्यासकाने त्या शब्दावर विसंबू नये.