पसाऱ्यातला पक्षी

पक्ष्यांच्या छायाचित्रांचे एक रूप आता रूढ झाले आहे. मध्यभागी पक्षी, त्याच्या डोळ्यांत प्रकाशाचा ठिपका, पिसांची रेघ न् रेघ स्पष्ट. आणि मागे कशाचाही बोध न होणारा हिरवा किंवा करडा पडदा. लांब पल्ल्याचे भिंग पूर्ण उघडे ठेवले की हा परिणाम साधतो. दिनदर्शिकांनी ही अभिरुची जोपासली. ती अपुरी आहे, असे आमचे मत आहे.

खारदांड्याच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पक्षी एकटा दिसतच नाही. खडक, चिखल, होड्या, जाळी, दोरखंड, भरतीने परत आणून टाकलेले प्लास्टिक, आणि जवळच कार्टर रोडच्या कडेला तिवरांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे, असा तो सारा पसारा. त्यातच लहान बगळा आपल्या पिवळ्या बोटांनी चिखल ढवळून भक्ष्य उठवितो.

वंचकाचे उदाहरण याहून बोलके आहे. बसलेला असताना तो मातकट, रेघारेघांचा; उडाला की एकदम शुभ्र. त्याचा तो मातकट रंग चिखलात व काटक्यांत लपण्यासाठी आहे, म्हणून तर त्याला हे नाव! मागचा चिखल पुसून टाकला, तर त्या रंगाचे प्रयोजनच पुसले जाते. उरते ते केवळ सुबक पीस. पक्षी दिसला, परंतु त्याचे जगणे दिसले नाही, असे छायाचित्र यशस्वी म्हणावे काय?

दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. येथून जवळच पाली हिलवर राहिलेल्या डॉ. सलीम अलींचे भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक 1941 साली प्रसिद्ध झाले. पक्षी ओळखण्यासाठी असलेल्या अशा ग्रंथात तो सुटा, ठळक दाखविणे योग्यच. ओळख पटविणे हे एक कार्य, साक्ष देणे हे दुसरे. छायाचित्राकडून आम्ही दुसऱ्याची अपेक्षा करतो.

अर्थात पसारा टिपला म्हणजे कला साधली, असे नव्हे. कॅमेरा डोळ्याऐवजी पुढची काडी पकडतो. उन्हात बगळ्याचा पांढरा रंग करपून जातो. जाणता छायाचित्रकार प्रकाश किंचित कमी घेतो, नेम डोळ्यावर धरतो, भिंगाचे छिद्र लहान करून मागचे तिवर ओळखू येईल इतके स्पष्ट ठेवतो, आणि दोन मुळांच्या फटीत पक्षी येईपर्यंत थांबतो. तो स्वतः चार पावले सरकतो, पण फांदी मोडत नाही, घरट्याजवळ जात नाही. नंतर संगणकावर प्लास्टिक पुसून टाकणे ही तर उघड लबाडी होय.

हा वाद केवळ अभिरुचीचा नाही. तिवरांचा नाश हा नागरिकांच्या जीवनाच्या मूलभूत हक्काचा भंग आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाने 2018 साली म्हटले. उद्या एखादे खाजण बुजविले गेले, तर तेथे पक्षी होते हे कोण सांगणार? धूसर पडद्यापुढचा बगळा दांड्याचाही असेल, भरतपूरचाही. ज्याच्या मागे दांड्याची होडी, जाळे आणि तिवर आहे, तोच आपल्या गावाच्या बाजूने बोलू शकेल. आमच्या घराघरांतील तरुणांच्या हाती आता कॅमेरा आला आहे. त्यांनी किनाऱ्यावर जाताना पक्ष्याबरोबर त्याचे घरही चौकटीत घ्यावे.